सातच्या बातम्या

"मुळापासून काप रे. वीतभर तारसुद्धा नको माझ्या भिंतीवर."

हे अंगणात कमरेवर हात ठेवून उभे होते आणि केबलवाला बापू आमच्या पत्र्यावर बसून पक्कड चालवत होता. मी दारात उभी. हाताला कणीक लागलेली, ती तशीच वाळत चाललेली.

"साहेब, बॉक्स नेतो मी, पण तार राहू द्या की," बापू म्हणाला. "पुढंमागं परत जोड म्हणाला तर..."

"नाही म्हणणार."

तार सुटली आणि माझ्या तुळशीच्या कुंडीवर येऊन पडली. बापूनं ती गुंडाळून खांद्यावर टाकली आणि जाताना माझ्याकडे बघितलं. त्याला ठाऊक होतं. विट्यात कुणाला ठाऊक नव्हतं?

आत माझा मुलगा विक्रांत पुण्याहून आणलेला टीव्ही भिंतीवर चढवत होता. चांगला दाराएवढा. गच्चीवर फुकटच्या सरकारी चॅनेलांसाठी छत्री बसवून झाली होती, बाकीचं सगळं म्हणे वायफायवर. "आई, आता केबल कोण ठेवतं गं?" तो म्हणाला. "जगातलं काय म्हणशील ते दिसेल तुला."

शेजारच्या काशीदवहिनी टीव्ही बघायला आल्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "नशीब काढलंस बाई मालन. आमच्याकडचे रिटायर झाल्यापासून नुसते खेकसतात. आणि साहेब बघ, बायकोसाठी टीव्ही घेतात."

मी मान हलवली. काय सांगू? मला जगातलं काहीएक नको होतं. मला रोज संध्याकाळी माझी लेक बघायची होती, आणि ती त्या तारेतनंच यायची.

माझी तेजस्विनी. आमच्या गावात चावडी नावाचं एक केबलचं चॅनेल होतं. गावापुरतंच. नळाला पाणी कधी येणार, कुणाचं काय हरवलं, कुणाचा वाढदिवस, कोण वारलं, असल्या बातम्या. ते चॅनेल चालवायचा प्रशांत, आणि तेजूनं लग्न केलं ते त्याच्याशी. मुलगा सरळ, शिकलेला, बोलायला मऊ. यांनी त्याचं नुसतं आडनाव ऐकलं आणि समोरचं ताट सरकवलं. मग काय व्हायचं ते झालं. पोरीनं जिल्ह्याला जाऊन सह्या करून लग्न केलं आणि आम्हाला फोनवर कळवलं.

आमच्याकडे एखाद्यावर फारच चिडलं की म्हणतात, जा, तुझ्या नावानं आंघोळ केली. म्हणजे तू मेलास आम्हाला. तोंडानं म्हणायची गोष्ट. मीही रागाच्या भरात कितीदा म्हटली असेल. यांनी ती खरोखरची केली. फोन ठेवला, बंब पेटवायला लावला, आणि मागच्या दगडावर बसून अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरनं पाणी घेतलं. मग माझ्याकडे तांब्या पुढं केला.

"घे. तूही घे."

"अहो, जिती आहे पोरगी!"

"मला नाही. घे म्हणतो ना."

पाटबंधारे खात्यात यांच्या एका शब्दावर पाट सुटायचे आणि बंद व्हायचे. घरातही तोच खाक्या. विक्रांतनं मुकाट्यानं पाणी घेतलं. मी तांब्या हातात घेतला आणि जमिनीवर ओतून दिला. तेव्हा यांनीच दुसरा तांब्या भरला आणि माझ्या डोक्यावर उपडा केला. वर सांगितलं, "त्या घराची पायरी चढलीस तर माझ्या घराची उतरायची. कायमची." भिंतीवरचा तिचा फोटो गेला. माझ्या फोनमधला नंबर गेला. फोनही मग यांच्याच खिशात राहायला लागला.

पुढे एके संध्याकाळी मी उगीच चॅनेल बदलत बसले होते आणि चावडीवर आले, तर समोर तेजू! निळी साडी, केस मागं बांधलेले, आणि म्हणते, "नमस्कार, आजच्या ठळक घडामोडी." माझ्या हातातला लसूण खाली सांडला. काय बातम्या होत्या विचाराल तर आजही सांगता येणार नाही. मी नुसती बघत होते. जरा वाळली होती. कानात माझ्याच कुड्या होत्या.

त्या वेळेला हे फिरायला जायचे, फिरून आले की जेवण. म्हणजे सातच्या बातम्या माझ्या. आवाज अगदी बारीक ठेवायचा आणि टीव्हीला नाक लागेल इतकं जवळ बसायचं. तिला सर्दी झालेली मला आवाजावरनं कळायची. रात्री झोप झाली नाही तर डोळ्यांवरनं कळायचं. बातम्या संपल्या की ती म्हणायची, "उद्या भेटू, याच वेळी," आणि मी म्हणायची, "भेटू गं बाई." वेडी म्हणा हवं तर.

आणि एक दिवस ती आली ती हातभर हिरव्या बांगड्या घालून. हिरवी साडी, केसात अबोली. चेहरा कसा भरलेला! कागद उलटताना बांगड्या वाजल्या आणि मला काय ते समजलं. दिवस गेलेत. माझ्या लेकीला दिवस गेलेत! मी तिथल्या तिथे उठून देवापुढचं कुंकू बोटावर घेतलं आणि काचेवर तिच्या कपाळाला लावलं.

मागं वळले तर हे दारात उभे. चप्पल तुटलेली, हातात. कधीचे उभे होते कोण जाणे.

 हे टीव्हीकडे बघत उभे राहिले. ती "उद्या भेटू" म्हणेपर्यंत. मग पाय धुतले आणि विचारलं, "जेवायला काय केलंयस?"

मला वाटलं, पाझर फुटला. नातवंडाचं नाव निघालं की भले भले विरघळतात. मी त्या रात्री यांच्या पानात जास्तीचं तूप वाढलं. त्याच रविवारी विक्रांत टीव्ही घेऊन आला आणि यांनी बापूला पत्र्यावर चढवलं.

आता तुम्ही म्हणाल, शेजारी जाऊन बघायचं. गेले ना. चार दिवस काशीदवहिनींकडे काही ना काही निमित्त काढून गेले. कधी विरजण, कधी सुई. पाचव्या दिवशी त्यांच्या पत्र्यावर बापू! "साहेबांचं बघून आमच्या ह्यांनी पण केबल काढली," वहिनी कौतुकानं म्हणाल्या. "छत्री बसवली. फुकटात सगळं." पुढच्या घरानं काढली, त्याच्या पुढच्यानं काढली. हे प्रत्येकाच्या गच्चीवर उभं राहून छत्रीची दिशा ठरवून देत होते. आमच्या आळीत केबलची तार म्हणून राहिली नाही.

नव्या टीव्हीचा रिमोट बोललेलं ऐकायचा. तोंडाजवळ धरायचा आणि पाहिजे ते नाव घ्यायचं. हे फिरायला गेले की मी दार लोटून घ्यायची आणि म्हणायची, "चावडी." कसलीतरी लावणी लागायची. "विटा बातम्या" म्हटलं तर वीटभट्टी दाखवायचा मेला. एकदा मी नुसतंच म्हटलं, "तेजस्विनी." कुठल्या कुठल्या नट्या रांगेनं आल्या. गोऱ्यापान, दात दाखवणाऱ्या. एकीच्याही कानात माझ्या कुड्या नव्हत्या. मी बंद केला आणि भांडी घासायला घेतली.

यांच्यात मात्र फरक पडला. गोड बोलायला लागले. "मालन, काय लावू सांग." "मालन, पाय वर घे, उशी देऊ?" एवढ्या वर्षांच्या संसारात ह्या माणसानं मला उशी दिली नव्हती. मी बावरायचे, पण खोटं कशाला सांगू, बरंही वाटायचं.

एका शनिवारी तर कहर केला. सकाळीच भडंग घेऊन आले, गजरा घेऊन आले. म्हणाले, "आज मी कुठं जात नाही. आज तुझ्याबरोबर पिक्चर बघणार. एकामागनं एक. तू चूलसुद्धा पेटवायची नाहीस."

"आज काय आहे?"

"काही असायलाच पाहिजे का?"

दुपारी काशीदवहिनींनी फाटकातनं हाक मारली. "मालन, येतेस का गं, मारुतीच्या देवळामागं..." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हे बाहेर गेले. "आज ती कुठं येणार नाही," म्हणाले आणि फाटकाला कडी घातली. वहिनी काहीतरी पुटपुटत गेल्या. मी आतनं विचारलं, "कशाला बोलावत होत्या?" तर म्हणाले, "असेल कुणाचं हळदीकुंकू."

आम्ही संध्याकाळपर्यंत पिक्चर बघितले. यांनी माझ्या पायावर हात ठेवला होता. एका जुन्या गाण्याला मी गुणगुणले, तर म्हणाले, "अजून आवाज आहे की तुझा." मला वाटलं, पोरीचं दुःख आहेच, पण म्हातारपणी नवरा तरी आपला झाला. मी त्या दिवशी सुखात होते हो. हेच मला अजून सहन होत नाही.

त्यानंतर महिना झाला असेल. सकाळी हे पेन्शनच्या कामाला गेलेले. फाटक वाजलं. बघते तर सलूनवाला पोपट, कागदात गुंडाळलेलं काहीतरी हातात धरून उभा.

"काकी, साहेब काल चष्मा विसरले दुकानात."

"दाढी तर घरीच करतात की."

"दाढीला नव्हं. बातम्या बघाय येत्यात न्हवं रोज." पोपट हसला. "साहेबांची खुर्ची ठरल्याली हाय, आरशाशेजारची. सात वाजायला आले की मी गिऱ्हाईक उठीवतो त्या खुर्चीवरनं. केबल आता आमच्याच दुकानात ऱ्हायलीया, ह्या अंगाला कुणाकडंच न्हाई."

"कसल्या बातम्या?" मी विचारलं.

"चावडीच्या. तेजूताईंच्या." तो म्हणाला. "आवाज मोठा कर म्हणत्यात. मधीच चष्मा काढून पुसत बसत्यात. आम्ही कोण काय बोलत न्हाई. बापाचं काळीज हाय."

मी फाटक धरलं.

"कधीपासून येतात?"

"लगीन झाल्यापासनं म्हना की. ताई पहिल्यांदा दिसल्या त्या दिवशीपासनं. फिराय म्हणून निघत्यात आन् हितं बसत्यात." मग त्यानं विचारलं, अगदी साधेपणानं विचारलं, "काकी, राग मानू नका, पण डोहाळजेवणाला तुम्ही आला न्हाई ते बरं न्हाई दिसलं. साहेबांचं समजू शकतो. पण तुमी आई."

"कुणाच्या डोहाळजेवणाला?"

"ताईंच्या! गेल्या महिन्यात शनिवारी न्हवतं का, मारुतीच्या देवळामागच्या हॉलात? आठवडाभर पट्टी फिरत होती खाली. आई, तू ये, तुझ्याशिवाय ओटी भरून घेणार न्हाई, आसं. आन् शुक्रवारी तर बातम्या झाल्यावर ताईंनी सोता हात जोडलं. आई, उद्या वाट बघते म्हणल्या. साहेब म्हणाले, सांगतो तिला."

"सांगतो म्हणाले?"

"व्हय. आमची मंडळी गेलती जेवाय. ताई हॉलच्या दारात खुर्ची टाकून बसल्या हुत्या. बायका आत चला म्हणायच्या, तर आई येईल म्हणायच्या. अंधार पडूस्तवर बसल्या. मग सासूनं भरली ओटी."

मी चष्मा घेतला. पोपटला पाणी दिलं की नाही आठवत नाही. आत आले आणि त्या दाराएवढ्या काळ्या टीव्हीसमोर बसले. भडंग. गजरा. पायावर ठेवलेला हात. माझी पोर दारात खुर्ची टाकून बसली होती आणि मी इथे गाणं गुणगुणत होते.

रडत होता म्हणे सलूनमध्ये. रडू दे! स्वतः दोन्ही डोळे भरून रोज लेक बघितली आणि माझ्या हातून ती काढून घेतली. का, तर मला कळायला नको की ह्यालाही ती हवी आहे. घरात ताठ मान आणि न्हाव्याच्या खुर्चीत बाप! पोरीला हाकलली, त्याबद्दल मी कधीतरी मनाची समजूत घातली असती. ह्याची कशी घालू?

पेन्शनचं काम करून ते आले, जेवले, झोपले. चष्मा सापडत नाही म्हणून कुरकुरले. मी म्हटलं, "असेल कुठंतरी." संध्याकाळी चहा घेऊन, काठी फिरवत फिरायला निघाले. "दार लावून घे गं," म्हणाले.

मी दार लावलं. बंब पेटवला. पाणी चांगलं कढत होऊ दिलं. तोवर पेटीतलं हिरवं खणाचं कापड काढलं, नारळ काढला, तांदूळ पिशवीत घातले. मग मागच्या दगडावर जाऊन बसले, त्याच दगडावर, आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरनं पाणी घेतलं. एक तांब्या, दुसरा तांब्या. कुणी ओतायला लागलं नाही.

ते परत आले तेव्हा देवाजवळ दिवा लावलेला होता आणि मी कोरडं लुगडं नेसून, ओले केस मोकळे सोडून सोप्यात उभी होते. आमच्याकडे दिवेलागणीला बाई डोक्यावरनं न्हालेली दिसली की एकच अर्थ. ते उंबऱ्यातच थबकले.

"काय गं? कोण गेलं?"

मी चष्मा टीव्हीखालच्या फळीवर ठेवला.

"पोपटनं आणून दिला."

तोंडावरचं रक्त कसं उतरतं ते मी तेव्हा बघितलं. ओठ हलले. "मालन, तसं नाही... ऐकून तर घे..."

"आंघोळ केली," मी म्हटलं. "तुझ्या नावानं."

जन्मात पहिल्यांदा अरेतुरे केलं. हा माणूस मारायला धावेल असं वाटलं होतं. तो भिंतीला धरून खाली बसला. मी पिशवी उचलली. पायरी उतरताना मागनं हाक आली, साहेबाची नव्हती ती, कुणातरी म्हाताऱ्याची होती. मी वळले नाही.

तेजूनं दार उघडलं तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. तिनं मला मिठी वगैरे काही मारली नाही. पिशवीतून डोकावणाऱ्या खणाकडे बघितलं आणि म्हणाली, "झाली ओटी भरून. आता काय उपयोग?"

"मला कळलंच नाही गं. केबल काढून टाकली."

"सगळ्या गावाला कळलं, आई."

ती दारात तशीच उभी राहिली. मग प्रशांत मागून आला, त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली, तेव्हा ती बाजूला झाली. ती धड बोलायला बाळाचं बारसं उजाडावं लागलं. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

आज माझी नात शाळेत जाते. चावडी कधीच बंद झालं. एकेका घरानं तार कापली तसं ते वाळत गेलं, आणि शेवटी पोपटनंही दुकानात वायफाय घेतला. प्रशांत आता लग्नाची शूटिंग करतो, तेजू शाळेत शिकवते.

परवा विक्रांतचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "आई, बाबांकडे जाऊन आलो. कुणाशी बोलत नाहीत. दिवसभर टीव्हीसमोर असतात. रिमोट तोंडाजवळ धरतात आणि तिचं नाव घेतात."

"कुणाचं?"

"तेजूचं. मग त्या नट्या येतात. ते बंद करतात, परत घेतात. बघवत नाही गं. तिचा एखादा व्हिडिओ पाठव. नातीचा तरी पाठव. त्यांना लावून देतो. एवढं तर करशील?"

आतनं नात ओरडत होती, आज्जी, साबण डोळ्यांत गेला, लवकर ये.

"विक्रांत," मी म्हटलं, "तूही घेतलंस ना रे पाणी, त्या दगडावर? मग तुला माहीत पाहिजे. मेलेल्या माणसाला कसला व्हिडिओ?"

फोन ठेवला आणि नातीच्या डोक्यावर पाणी घालायला गेले.